यलो क्विलचे पाणी आणि जिवाणूंची गाळणी

कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या नेस्कांटागा या आदिवासी वस्तीत १९९३ साली जलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले आणि १९९५च्या फेब्रुवारीत तेथे पाणी उकळूनच पिण्याची सूचना लागू झाली, ती पुढे पंचवीस वर्षे उलटली तरी उठली नाही. त्याच १९९५ साली सस्कॅचेवान प्रांतातील यलो क्विल या सोटो आदिवासींच्या वस्तीवरही तशीच सूचना आली होती. तेथील लोक मात्र २००४ साली त्यातून सुटले.

यलो क्विलचे पाणी मुळातच अवघड होते. जुने केंद्र ज्या ओढ्यावर विसंबून होते तो बर्फ वितळल्यावर थोडाच काळ वाहत असे आणि वरच्या अंगाला त्यात सांडपाणी मिसळत असे. पर्याय भूजलाचा होता, पण त्यात लोह, मँगनीज, आर्सेनिक, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि भरपूर अमोनिया होता.

यातला अमोनिया सर्वांत त्रासदायक ठरतो. आपल्याकडे गावच्या विहिरीत वा टाकीत टीसीएल पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला क्लोरीनचे माप सांभाळावे लागते. मात्र पाण्यात अमोनिया असला की ते माप पार बिघडते, कारण क्लोरीन जंतूंकडे वळण्याआधी अमोनियाशी संयोग पावतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (म्हणजे अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाने मोजलेला अमोनिया) संपवायला सैद्धांतिक हिशेबाने सुमारे ७.६ मिलिग्रॅम आणि व्यवहारात आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. शिवाय सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडली की ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगे तयार होतात. नुसती रिव्हर्स ऑस्मोसिसची (आरओ), म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळणारी यंत्रणा बसवावी, तर त्याच सेंद्रिय पदार्थांवर वाढणाऱ्या जिवाणूंची बुळबुळीत साय पडद्यांवर धरते आणि पडदे तुंबतात.

हान्स पीटरसन या शास्त्रज्ञाने आणि वस्तीने मिळून तयार आराखडा आणण्याऐवजी तेथेच, तेच पाणी वापरणारे प्रायोगिक संयंत्र चालवले आणि दीड वर्षाहून अधिक काळ जुळण्या बदलून पाहिल्या. त्यातून निघालेली युक्ती अशी की जिवाणू वाढणारच असतील, तर ते पडद्यावर न वाढता आधीच्या गाळणीत वाढावेत. पाण्यात हवा मिसळून ते जिवाणूंनी वसलेल्या गाळणथरांतून सोडायचे. तेथे लोह व आर्सेनिक अडकतात, अमोनियाचे नायट्रेट होते, सेंद्रिय अन्न बरेचसे संपते, आणि मगच पाणी पडद्यांकडे जाते. पडद्यांतून निघालेले पाणी खनिजांवाचून नळांना खाते, म्हणून त्यात खनिजे परत आणावी लागतात. क्लोरीन शेवटी थोडासाच पुरतो.

हे प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्या मागवून जमले असते असे मला वाटत नाही. अमोनिया खाणारे जिवाणू संथ वाढतात, थंड पाण्यात तर फारच संथ, त्यामुळे गाळणी कामाला लागायला आठवडे, कधी महिने जातात. ती धुण्याचेही तंत्र आहे: क्लोरीनच्या पाण्याने धुतली तर जिवाणू मरतात, फार जोराने धुतली तर निघून जातात, आणि कमी धुतली तर थर तुंबतो. हा अंदाज केंद्र चालवणाऱ्या माणसाच्या हाताला यावा लागतो, म्हणून चाचण्या चालू असतानाच तो माणूस तेथे असणे ही शिष्टाचाराची नव्हे, अभियांत्रिकीची गरज आहे.

पुढे अल्बर्टातील सॅडल लेक या क्री वस्तीसह इतरत्रही ही पद्धत स्वीकारली गेली. अडले ते बहुतेक ठिकाणी पैशांपाशी. अशा केंद्रांच्या देखभालीचा खर्च सूत्राने काढून त्यातला ८० टक्केच वाटा कॅनडाचे केंद्र सरकार उचलत असे; तो १०० टक्के करण्याची घोषणा २०२० साली झाली. तोवर उरलेला भार वस्त्यांवरच होता, आणि शिकून तयार झालेला केंद्रचालक जास्त पगारासाठी शेजारच्या नगरपालिकेत गेला की गाळणीची उमज त्याच्याबरोबर जात असे.