‘आग न धरणारं प्लास्टिक तापलं तरी निर्धोक’ : खुलासा

इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं फिरणारा समज असा : ज्वालारोधक प्लास्टिक पेट घेत नाही, म्हणून ते जास्त तापलं तरी त्यातून घातक काही निघत नाही.

पहिला भाग बराचसा खरा आहे, म्हणून दुसराही पटतो. पण ‘व्ही-०’ हा शिक्का (प्लास्टिकच्या ज्वलन-चाचणीतला एक दर्जा) मुख्यतः एवढंच सांगतो, की प्लास्टिकच्या उभ्या पट्टीला लावलेली ज्योत काढल्यावर पट्टीची आग १० सेकंदांत विझते. धुराबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता आग विझते कशी ते पाहा. प्लास्टिकमध्ये मिसळलेलं ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक रसायन तापल्यावर विघटित होतं, हायड्रोजन ब्रोमाइड वायू सोडतं आणि तो वायू ज्वाळेतली साखळी अभिक्रिया तोडतो. म्हणजे वायू सुटणं हेच त्याचं काम! हा वायू डोळे, घसा आणि फुप्फुसांना जाळतो. काही जुन्या ब्रोमीनयुक्त रसायनांपासून तर उष्णतेने ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी संयुगंही बनतात. सगळीच ज्वालारोधकं ब्रोमीनची नसतात, हेही खरं. काही फॉस्फरसची असतात.

ज्वाळा लागतेच असं नाही. मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीत) माल अडकून राहिला, किंवा सोल्डरिंगचं ३५० अंशांचं टोक सर्किट बोर्डवर जास्त वेळ टेकलं, तरी विघटन सुरू होऊ शकतं.

खात्री करायची तर मालाची सेफ्टी डेटा शीट (धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं पत्रक) मागा. विभाग १० मध्ये घातक विघटन-पदार्थ दिलेले असतात, विभाग ८ मध्ये वायुवीजन आणि संरक्षक साधनं. वासावर मात्र विसंबू नका. प्लास्टिकच्या विघटनातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.