तांबेऱ्याद्वारे तणनियंत्रण

परदेशातून येऊन माजलेल्या तणावर त्याच्या मूळ देशातली तांबेरा बुरशी आणून सोडण्याची पद्धत. तांबेरा, म्हणजेच गेरवा, मराठी शेतकऱ्याला माहीत आहे तो गव्हाचा शत्रू म्हणून. पानावरून बोट फिरवले की विटकरी भुकटी बोटाला लागते, ती त्याच्या बीजाणूंची. महाबळेश्वरला गव्हाच्या या रोगासाठी स्वतंत्र संशोधन केंद्रही आहे. तणनियंत्रणात याच गटातल्या बुरशा मदतीला घेतल्या जातात.

तांबेरा फक्त जिवंत पेशींवर जगतो. तो पेशीत शोषकांग घालून अन्न ओढतो. झाड सहसा लगेच मरत नाही, पण पाने गळतात, फुले कमी येतात, बी धरत नाही. बीजाणू वाऱ्याने दूरवर जातात, त्यामुळे एकदा रुजलेली बुरशी दरवर्षी फवारावी लागत नाही. मात्र तिची निवड होते ती चोखंदळपणामुळे. बहुतेक तांबेरे एखाद्याच वनस्पती-जातीवर वाढतात, काही तर त्या जातीच्या एखाद्याच प्रकारावर. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यासारख्या काही बुरशांना जीवनचक्र पुरे करायला बार्बेरीसारखी दुसरी वनस्पतीही लागते. तणासाठी एकाच वनस्पतीवर सगळे चक्र उरकणारा तांबेरा पसंत केला जातो.

हा चोखंदळपणा किती टोकाचा असतो ते ऑस्ट्रेलियात दिसले. भूमध्य समुद्राच्या परिसरातले, सूर्यफुलाच्या कुळातले स्केलेटन वीड (कॉन्ड्रिला जुन्सिया) तिथल्या गव्हाच्या पट्ट्यात पसरले होते. ते पिकाचे पाणी आणि नत्र खाई, आणि त्याच्या तारेसारख्या चिवट, चिकाळ काड्या कापणी यंत्रात अडकत. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने 1966 मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे केंद्र उघडून या तणाचे नैसर्गिक शत्रू शोधायला सुरुवात केली. दक्षिण इटलीत सापडलेला पक्सिनिया कॉन्ड्रिलिना हा तांबेरा 1971 मध्ये ऑस्ट्रेलियात सोडला गेला. तणनियंत्रणासाठी परदेशी रोगकारक बुरशी जाणूनबुजून आणण्याचे हे आधुनिक काळातले पहिले मोठे उदाहरण. वर्षभराच्या आत ती शेकडो किलोमीटर पसरली आणि अरुंद पानांचे तण झपाट्याने हटले.

पण या तणाचे ऑस्ट्रेलियात तीन प्रकार होते: अरुंद, मध्यम आणि रुंद पानांचे. ते फलनाशिवाय बी धरते, त्यामुळे प्रत्येक प्रकारातली सगळी रोपे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखी. इटलीतून आणलेला तांबेऱ्याचा वाण फक्त अरुंद पानांच्या प्रकाराला लागला. त्याची जागा मोकळी होताच उरलेले दोन प्रकार पसरू लागले. त्यांच्यासाठी पुढे आणलेल्या वाणांना पहिल्याइतके यश आले नाही. म्हणजे बुरशी आणण्याआधी तणाचाही जनुकीय अभ्यास हवा, आणि हे काम घाईचे नाही.

सुरक्षिततेची चाचणी हा या पद्धतीचा कणा. वॉपशियर या संशोधकाने 1974 मध्ये मांडलेल्या रीतीनुसार आधी तणाच्या जवळच्या नातलग वनस्पतींवर बुरशी लावून पाहतात, मग टप्प्याटप्प्याने दूरच्या नातलगांकडे जातात. इतकी काळजी आवश्यक का, ते मर्टल तांबेऱ्यावरून कळते. तो कोणी आणलेला नव्हता. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात आढळल्यानंतर त्याने निलगिरी-जांभळाच्या कुळातल्या शेकडो स्थानिक जातींना ग्रासले. असा बहुभक्षी तांबेरा चाचणीच्या पहिल्याच पायरीवर बाद झाला असता.

दक्षिण आफ्रिकेत उलट दिशेचा प्रवास झाला. केप किनाऱ्यावरची वाळू थोपवण्यासाठी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ (अकेशिया सॅलिग्ना) स्थानिक झुडपी वनांवर चढली. 1987 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या तांबेऱ्याने तिच्या फांद्यांवर गाठी धरवल्या आणि काही वर्षांत झाडे वाळत गेली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात रबर वेल या तणावर मादागास्करहून आणलेला मॅराव्हेलिया क्रिप्टोस्टेजी हा तांबेरा 1990 च्या दशकात सोडला. तिथेही वेलीची पाने गळून तिचा जोर ओसरला.

भारतात अशी आयात पहिल्यांदा झाली ती मिकानिया मायक्रान्था या वेलीसाठी. आसामच्या चहामळ्यांत आणि केरळच्या बागा-जंगलांत ती झाडे अक्षरशः पांघरून टाकते. त्रिनिदादमधला पक्सिनिया स्पेगाझिनी हा तांबेरा चाचण्यांनंतर 2005 मध्ये आसामात आणि 2006 मध्ये केरळात सोडला गेला. दोन्हीकडे तो टिकला नाही. या बुरशीचे संसर्ग करणारे बीजाणू नाजूक, ओलावा मिळाला तरच रुजणारे, त्यामुळे कोरडा काळ तिला सोसत नाही. तीच बुरशी पापुआ न्यू गिनी आणि व्हानुआतूमध्ये मात्र स्थिरावली. एका अपयशावरून भारतात हा मार्ग बंद मानणे योग्य नाही. सोडण्याचा हंगाम आणि जागा यांवर बरेच अवलंबून असते.

गाजर गवताची (पार्थेनियम) भारतातली सुरुवातीची नोंद 1955 मध्ये पुण्याची आहे. त्यावर वाढणारा पक्सिनिया अब्रप्टा हा तांबेरा मेक्सिकोतून ऑस्ट्रेलियात 1991 मध्ये नेण्यात आला. त्याला थंड, दमट हवा मानवते. गाजर गवत फोफावते ते मात्र उबदार पावसाळ्यात, म्हणून महाराष्ट्राच्या मैदानी भागात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. इथे गाजर गवतावर प्रामुख्याने झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगाच सोडला जातो.