आडवे पडलेले व्हिडिओ आणि ३६ बाइट

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली, की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ढोल-ताशा पथकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर व्हिडिओंचा पूर येतो आणि त्यांतले काही हमखास आडवे पडलेले असतात. वादक भिंतीवर उभे असल्यासारखे दिसतात आणि पाहणारे मान वाकडी करून पाहतात. यावर तज्ज्ञांचे सल्लेही ठरलेले आहेत: फोन जुना झाला असेल, ऑटो-रोटेट बंद राहिले असेल, किंवा सेन्सर ‘अडकला’ असेल, तेव्हा फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा. आठचा आकार काढल्याने सुधारतो तो होकायंत्रासाठी बसवलेला चुंबकमापक. व्हिडिओच्या दिशेशी त्याचा काहीही संबंध नाही. बहुतेक फोनमधले कॅमेरा अ‍ॅप ऑटो-रोटेटच्या बटणालाही विचारत नाही, ते फोनची स्थिती स्वतंत्रपणे तपासते. या गटांवर मंत्रोपचाराची सवय तंत्रज्ञानालाही लागली आहे, एवढेच यावरून म्हणता येईल.

खरे पाहता फोन उभा धरून काढलेला जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ फाइलच्या आत आडवाच असतो. कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये कायमचा बसवलेला असतो आणि त्याची लांब बाजू फोनच्या लांबीच्या दिशेने असते. फोन उभा धरला तरी सेन्सर आपल्या ओळी त्याच क्रमाने वाचतो आणि १९२० पिक्सेल रुंद, १०८० पिक्सेल उंच असे आडवे चित्र पुढे पाठवतो. अशी ३० चित्रे दर सेकंदाला वळवत बसण्यापेक्षा फोन ती तशीच साठवतो आणि ‘दाखवताना ९० अंशांनी फिरवा’ एवढी सूचना फाइलमध्ये लिहून ठेवतो. पार्सलच्या खोक्यावर ‘ही बाजू वर’ असे छापलेले असते, तसाच हा प्रकार आहे: आतला माल हलत नाही, फक्त हाताळणाऱ्याने छापलेले वाचावे लागते.

सूचना काय लिहायची, हे त्वरणमापक ठरवतो. या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. गुरुत्वाकर्षणामुळे तो किंचित सरकतो आणि त्याच्या सरकण्याने बदलणाऱ्या विद्युत धारितेवरून (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवरून) ‘खाली’ कोणत्या बाजूला आहे हे कळते. मात्र फोन जमिनीला समांतर असेल, तर गुरुत्वाकर्षण पडद्याला लंब होते, पडद्याच्या प्रतलातला त्याचा घटक शून्याजवळ येतो, आणि उभे-आडवे ठरवण्यासाठी हाती काहीच उरत नाही. अशा वेळी फोन सहसा आधीची स्थितीच खरी मानतो. मिरवणुकीच्या वाटेवरची रांगोळी बरोबर वरून टिपताना हेच घडते. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत पडद्याकडे पाहत, फोन जवळजवळ सपाट असतानाच बटण दाबून मग हात उंचावणाऱ्याचेही हेच होते, कारण दिशा चित्रण सुरू होतानाच ठरते. अँड्रॉइडमध्ये तर चित्रणाची तयारी होण्याआधीच ०, ९०, १८० किंवा २७० यांपैकी एक कोन सांगावा लागतो. नंतर फोन कसाही फिरवला तरी तो बदलत नाही.

आता ती सूचना प्रत्यक्षात कशी लिहिलेली असते ते पाहू, कारण या विषयातला सर्वांत देखणा भाग तोच आहे. एमपी४ फाइलमध्ये प्रत्येक ट्रॅकला, म्हणजे चित्राच्या किंवा ध्वनीच्या प्रत्येक स्वतंत्र प्रवाहाला, एक शीर्षभाग असतो आणि त्यात ९ संख्यांचे, म्हणजे ३ ओळी व ३ स्तंभांचे, एक मॅट्रिक्स असते. प्रत्येक संख्येला ४ बाइट, म्हणून एकूण ३६ बाइट. ही रचना अ‍ॅपलने १९९१ साली आणलेल्या क्विकटाइम या व्हिडिओ-प्रणालीच्या फाइल-रचनेतून वारशाने आली आहे. पडद्यावर एखादे चित्र कोठे, किती मोठे आणि कसे कललेले दाखवायचे हे सांगण्यासाठी ती होती. व्हिडिओ काढणारा पहिला आयफोन २००९ साली आला, तोवर ही सोय तयारच होती.

मूळ चित्रातल्या एखाद्या बिंदूचे डावीकडून अंतर क्ष आणि वरून अंतर य मानू. चित्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंशांनी फिरवायचे, तर नवे आडवे अंतर ‘उणे य’ आणि नवे उभे अंतर ‘क्ष’ होते. मॅट्रिक्समध्ये हे ०, १, उणे १, ० या चार संख्यांनी लिहिले जाते. गणित बरोबर आहे, पण य हा ० ते १०८० असल्यामुळे नवे आडवे अंतर उणे १०८० ते ० होते, म्हणजे संपूर्ण चित्र पडद्याच्या डाव्या कडेबाहेर जाऊन पडते! म्हणून तिसऱ्या ओळीत १०८० ही संख्या लिहून ते उजवीकडे सरकवावे लागते. नवे आडवे अंतर १०८० उणे य झाले, की डावा वरचा कोपरा उजव्या वरच्या कोपऱ्यात जातो आणि चित्र उभे राहते. या जागी दशांश चिन्हाची सोय नसल्याने प्रत्येक संख्या ६५,५३६ ने गुणून पूर्णांकात लिहितात. त्यामुळे १ च्या जागी ६५,५३६ आणि १०८० च्या जागी ७,०७,७८,८८० दिसते. शेवटच्या स्तंभाचा गुणक मात्र २ चा ३० वा घात असतो, म्हणून तिथला १ हा १,०७,३७,४१,८२४ असा लिहिलेला असतो. कित्येक प्लेयर या सगळ्यातून फक्त कोन काढून घेतात आणि सरकवण्याचे काम आपल्या पद्धतीने करतात.

यावरून बिघाड दोन प्रकारचा असू शकतो. व्हिडिओ सगळीकडेच आडवा दिसत असेल, तर सूचनाच चुकीची लिहिली गेली आहे. फोनवर सरळ आणि सोसायटीच्या सभागृहातल्या टीव्हीवर आडवा दिसत असेल, तर सूचना बरोबर आहे, पण टीव्ही ती वाचत नाही.

पहिल्या प्रकारात ते ३६ बाइट बदलले की पुरते. एफएफएमपेग या मुक्त साधनात चित्र व ध्वनी जसेच्या तसे ठेवून फक्त कोन बदलता येतो, आणि मोठी फाइलही थोड्याच वेळात तयार होते. तिथला नवा पर्याय कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

दुसऱ्या प्रकारात पिक्सेलच फिरवावे लागतात आणि तिथे किंमत मोजावी लागते. जेपीईजी छायाचित्र लहान लहान चौकोनांत साठवलेले असते, आणि त्याची लांबी-रुंदी त्या चौकोनांच्या पटीत असली, तर ते गुणवत्ता न गमावता फिरवता येते. व्हिडिओचे तसे नाही. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या, म्हणजे कमी जागेत साठवण्याच्या, पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात (१०८० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून आत १०८८ ओळी साठवून ८ लपवल्या जातात), आणि चित्राच्या आतल्या आत अंदाज बांधताना प्रत्येक चौकोनाचा अंदाज त्याच्या डावीकडच्या व वरच्या, म्हणजे आधी उलगडलेल्या, शेजाऱ्यांवरून बांधून फक्त फरक लिहिला जातो. चित्र ९० अंशांनी फिरवले, की डावा शेजारी वर जातो आणि वरचा शेजारी उजवीकडे जातो. उजवीकडचा चौकोन तर अजून उलगडलेलाच नसतो. अंदाजांची साखळी तुटते. म्हणून सगळे उलगडून, फिरवून पुन्हा दाबावे लागते, आणि या दुसऱ्या दाबण्यात थोडी स्पष्टता जातेच.

‘एआयच्या मदतीने व्हिडिओ सरळ करा’ अशा जाहिराती करणारी अ‍ॅप याच कामासाठी तुमचा व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर मागवतात आणि कोपऱ्यात आपला शिक्का मारून परत देतात. काटकोनात फिरवायला कसलीही बुद्धी लागत नाही, कृत्रिमही नाही. आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. व्हीएलसी या प्लेयरमध्ये फिरवलेला व्हिडिओ मात्र सहसा फक्त पाहण्यापुरता फिरतो, फाइल तशीच राहते.

चित्रण सुरू असताना मध्येच फोन वळवला असेल, तर सूचना बदलून भागत नाही, कारण ट्रॅकमागे मॅट्रिक्स एकच असते आणि ते पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत लागू होते. अशा व्हिडिओचे जिथे फोन वळला तिथे दोन तुकडे करावे लागतात. ते दोन फाइलींत ठेवायचे असतील तर प्रत्येकाला आपापला कोन देता येतो. एकाच फाइलीत जोडायचे असतील तर एक भाग नव्याने दाबून, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवूनच बसवावा लागतो.