सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला म्हणजे भरवशाचा ठरत नाही

अणुवीज केंद्रातील सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की आपोआप उघडून तो उतरवणारी झडप) ठरलेल्या दाबाला उघडला की तो भरवशाचा, हा जुना समज अर्धाच खरा आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात एक व्हॉल्व्ह (काटेकोरपणे बोलायचे तर तो रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब उतरवणाराच पण वेगळ्या प्रकारचा व्हॉल्व्ह होता) वेळेवर उघडला, पण दाब उतरल्यावर मिटला नाही. आणि नियंत्रण कक्षातील दिवा त्याची प्रत्यक्ष स्थिती नव्हे, तर त्याला दिलेली विद्युत आज्ञा तेवढी दाखवत असल्यामुळे, अणुभट्टीचे पाणी दोन तासांहून अधिक काळ बाहेर जात राहिले.

त्यामुळे उघडण्याच्या दाबाबरोबरच व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसतो (मिटतो) का आणि बसल्यावर गळतो का, हेही तपासावे लागते. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र वेगळाच आहे: काढून आणलेला व्हॉल्व्ह साफसफाई किंवा जुळवणी करण्याआधी, आहे त्याच अवस्थेत तपासायचा, कारण आधी घासूनपुसून घेतल्यास बैठकीला (व्हॉल्व्ह मिटल्यावर चकती जिथे टेकते त्या कडेला) चिकटलेली चकती सुटते आणि दोषाचा पुरावाच नाहीसा होतो. अमेरिकेतील एएसएमई (यांत्रिकी अभियंत्यांची संस्था) संहितेनुसार एखाद्या व्हॉल्व्हचा उघडण्याचा दाब मर्यादेबाहेर भरकटलेला आढळला, तर त्याच गटातील आणखी व्हॉल्व्हही तपासावे लागतात.