चकाकी पुसणारी काच

‘फिल्टर कशाला हवा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये सगळं करता येतं,’ असं फोटोग्राफी शिकणाऱ्यांना हल्ली सर्रास सांगितलं जातं. रंगीत काचांपुरतं ते बरंचसं खरं आहे. फोटोला पिवळसर किंवा निळसर छटा व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगछटा जुळवण्याच्या सेटिंगनेही देता येते. लेन्सपुढे लावून चकाकी घालवणाऱ्या पोलरायझर या फिल्टरचं तसं नाही. तळ्यावर पडलेल्या आभाळाच्या प्रतिबिंबाने तळाचे गोटे झाकले, तर ते फोटोत नोंदलेच जात नाहीत. सॉफ्टवेअर फार तर ते कल्पनेने रंगवेल.

प्रकाशाचं विद्युत क्षेत्र त्याच्या वाटेशी काटकोनात कंप पावतं आणि सूर्यप्रकाशात ही कंपनं सगळ्या दिशांना असतात. प्रकाश पाण्यावर पडला की पाण्यातले इलेक्ट्रॉन त्याच तालावर हलतात. परावर्तित किरण येतो तो या हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडूनच. आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की इलेक्ट्रॉन आपल्या हालचालीच्या रेषेत प्रकाश सोडूच शकत नाही, तो बाजूंना सोडतो. पाण्यात शिरणारा किरण आणि परावर्तित किरण यांच्यात नेमका काटकोन झाला, की उभ्या प्रतलात हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांची रेषा बरोबर परावर्तित किरणाच्या दिशेला येते. मग त्यांचा प्रकाश तिकडे जातच नाही आणि परावर्तनात पृष्ठभागाला समांतर अशी आडवी कंपनंच उरतात. पाण्यावर असं व्हायला प्रकाश पृष्ठभागाच्या लंबापासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात पडावा लागतो, काचेवर ५६. या कोनाचा नियम स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडला.

पोलरायझर एकाच दिशेची कंपनं आरपार सोडतो. फिल्टरचं कडं फिरवून आडवी कंपनं अडवली, की गोटे दिसू लागतात. पानांच्या तुकतुकीत पृष्ठभागावरची पांढरी झळाळीही अशीच जाते आणि आतला हिरवा रंग उघडा पडतो. फिल्टर स्वतः रंग भरत नाही. उघड्या धातूची चमक मात्र त्याला जवळजवळ दाद देत नाही.

सूर्यापासून ९० अंशांवरचं निळं आकाशही बरंच ध्रुवित असतं, म्हणजे त्याच्या प्रकाशाची कंपनं मुख्यतः एकाच दिशेची असतात, म्हणून पोलरायझरने तिथे ते गडद होतं. आकाशाचा मोठा पट्टा टिपणाऱ्या वाइड अँगल लेन्सने हाच गडदपणा डागासारखा दिसतो. शिवाय एक ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), तो हिशेब धरावा.

यूव्ही फिल्टरने डिजिटल फोटो ‘स्वच्छ’ होतात, ही जाहिरातबाजी आहे. सेन्सरपुढची काच अतिनील किरण आधीच अडवते. त्या फिल्टरने लेन्सला धूळ आणि ओरखडे लागत नाहीत, इतकंच. इंद्रधनुष्य टिपताना मात्र पोलरायझरचं कडं जपून फिरवा, कारण त्याचा प्रकाशही ध्रुवित असतो आणि कमानीचा एखादा भाग नाहीसा होऊ शकतो.