कारण असणं वेगळं अन् आधीच ठरलेलं असणं वेगळं

आमच्याकडं लातूर-नांदेडला नीटची तयारी करणारी पोरं हमखास विचारतात, 'सर, क्वांटममध्ये (म्हणजे अणू अन् त्याहून बारीक कणांच्या शास्त्रात) कार्यकारणभावच नसतो ना?' अन् मोठी माणसं पण व्हॉट्सॲपवर तेच फिरवायलेत. इथं दोन गोष्टींची पार खिचडी झालीय. कार्यकारणभाव म्हणजे घटनेमागं कारण असतं, बस. नियतिवाद म्हणजे आजची स्थिती पूर्ण ठाऊक असली की उद्याचं एकच उत्तर निघतं, जे फ्रेंच गणिती लाप्लासनं १८१४ मध्ये ठासून मांडलं.

कॅन्सरला शेक देतात त्या मशीनमधला कोबाल्ट-६० घ्या. सव्वापाच वर्षांत त्यातला निम्मा निकल होऊन जातो, अन् हे एवढं पक्कं की त्या हिशोबानंच शेकाची वेळ वाढवत न्यावी लागते. पण त्यातला हा एक अणू कधी बदलणार? शेजारशेजारचे दोन अणू डिट्टो सारखे, एक आत्ता गेला, दुसरा वीस वर्षं तसाच. पावसाचा अंदाज चुकतो तो माहिती अपुरी म्हणून, इथं मात्र रूढ मतानं अपुरी पडावी अशी माहितीच नाही. तरी कारण आहेच की! अणूच्या गाभ्यात न्यूट्रॉन जास्त झालेत, वीक फोर्स नावाच्या बळामुळं एकाचा प्रोटॉन होतो, म्हणून निकलच होतं, सोनं होत नाही.

क्वांटम उभं करणाऱ्यांतल्या हायझेनबर्गनं १९२७ त कार्यकारणाचा नियमच बाद ठरवला खरा, पण त्याचा रोख होता 'वर्तमान नेमकं कळलं तर भविष्य काढता येतं' यावर, म्हणजे नियतिवादावरच. अन् नियतिवादही मेला असं नाही बरं का, बोम नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९५२ त सगळं आधीच ठरलेलं असणारी थिअरी मांडली, तिची भाकितं नेहमीच्या क्वांटमसारखीच येतात.

कार्यकारणभावाला खरा चटका दिला भौतिकशास्त्रज्ञ बेलनं, १९६४ मध्ये. एकत्र तयार झालेल्या दोन कणांतला एक औंढा नागनाथला अन् दुसरा अंबाजोगाईला मोजला समजा. एकेका ठिकाणचे आकडे बघाल तर निस्ता छापा-काटा, त्यामुळं निरोप काही धाडता येत नाही. पण दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्या की उत्तरं इतकी जुळतात की 'दोघं निघतानाच ठरवून आले असतील' हे स्पष्टीकरण पुरतच नाही. असे प्रयोग खरंच झालेत, आस्पे, क्लाउझर, झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल त्याच्यावरच. मग कारण कुठंय? बोमवाले म्हणतात एकाचा दुसऱ्यावर तत्क्षणी परिणाम होतो, बाकीचे काही म्हणतात जुळणीला कारण हवंच हा हट्ट सोडा. मला बोमवाले बरे वाटतात, निदान कारण शोधायचं सोडत नाहीत.