२०० तासांची नोंदणी वेगळी, वायसीबीची परीक्षा वेगळी

दरवर्षी २१ जूनचा योगदिन उलटला की मला हमखास एक फोन येतो. यंदा तो चिंचवडहून आला. "ताई, माझं दोनशे तासांचं झालं. म्हणजे आता मी सरकारमान्य योगशिक्षिका ना?" त्यासाठी तिने महिनाभर बिनपगारी रजा काढली होती, ऋषिकेशला राहून आली होती. अशा मुलीला "नाही" म्हणणं जिवावर येतं. कोर्स चांगला असेलही, पण तिच्या हातातल्या कागदाचा सरकारशी काही संबंध नाही.

गोंधळ होतो तो २०० या आकड्यामुळे. अमेरिकेतली योगा अलायन्स ही संस्था २०० तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाची नोंद करते, त्या नोंदीला 'आरवायटी २००' (रजिस्टर्ड योगा टीचर) म्हणतात. इकडे आयुष मंत्रालयाचं योग सर्टिफिकेशन बोर्ड, म्हणजे वायसीबी. त्याच्या पहिल्या परीक्षेचा अभ्यासक्रमही २०० तासांचाच आखलेला आहे. आकडा तोच आहे, पण एकीकडे नोंदणी होते आणि दुसरीकडे परीक्षा.

योगा अलायन्स १९९९ सालची, ना-नफा संस्था आहे. ती स्वतः कुणाला शिकवत नाही की कुणाची परीक्षा घेत नाही. तिच्याकडे नोंदलेली शाळा तुम्हाला शिकवते, शाळाच प्रमाणपत्र देते आणि त्या आधारावर तुम्ही अलायन्सच्या यादीत नाव घालता. त्यासाठी दरवर्षी फी भरावी लागते. शिवाय दर तीन वर्षांनी ४५ तास शिकवल्याची आणि ३० तास नवं शिकल्याची नोंद दाखवायची असते. फी थांबली की यादीतलं नाव गेलं, पण शाळेचं प्रमाणपत्र तुमचंच राहतं. हा फरक कोर्स विकणारे सहसा सांगत नाहीत. तेव्हा कोर्सची फी भरण्याआधी एवढंच विचारा: "शाळेची नोंदणी आजच्या तारखेला चालू आहे का, आणि नेमकी कुठल्या संस्थेकडे?" मिळत्याजुळत्या नावांच्या संस्था बऱ्याच आहेत.

वायसीबीचं उलट आहे. २०१५ मध्ये, पहिल्या योगदिनाच्या वर्षी, आयुष मंत्रालयाने क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेमार्फत योगशिक्षकांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आणली. पुढे २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र बोर्ड झालं. तुम्ही कुठे शिकलात याला पहिल्या पायरीवर फारसं महत्त्व नाही. घरच्या आजोबांकडे शिकला असाल, नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळासारख्या विनामूल्य वर्गात शिकला असाल, तरी परीक्षेला बसा. लेखी परीक्षा असते आणि प्रात्यक्षिक असतं. पायऱ्या चार: प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, टीचर अँड इव्हॅल्युएटर आणि मास्टर. अभ्यासक्रमाचे तास २००, ४००, ८००, १६०० असे दुपटीने वाढत जातात.

लेखीची धास्ती बाळगू नका. पतंजलीची आठ अंगं, हठप्रदीपिकेतली कुंभकं (श्वास रोखण्याचे प्रकार), थोडं शरीरशास्त्र हे मन लावून वाचलं की जमतं. खरी कसोटी प्रात्यक्षिकात लागते. माझ्या वेळी परीक्षकांनी भुजंगासन करायला सांगितलं. मी केलं, चांगलं झालं. मग ते म्हणाले, "आता समोर साठीचे गृहस्थ आहेत, दोन महिन्यांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालंय. शिकवा त्यांना." मी क्षणभर गप्प झाले. मग म्हटलं, "सर, त्यांना मी हे आसन देणार नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत उताणं झोपून नुसतं श्वासाकडे लक्ष." त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. स्वतः आसन किती सुंदर करता, यापेक्षा समोरच्याला काय द्यायचं नाही हे कळतं का, ते तिथे पाहिलं गेलं. महिनाभराच्या निवासी कोर्समध्ये दिवसाचे आठ-आठ तास भरताना नेमकं हेच शिकायचं राहून जातं, कारण चटईवरची सगळी माणसं तिशीच्या आतली आणि धडधाकट असतात.

मग कुठला कागद कुठे चालतो? परदेशी स्टुडिओत, रिसॉर्टमध्ये, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या मोसमी कामासाठी आरवायटी विचारतात. आयुषच्या योजनांमध्ये आणि सरकारी भरतीत वायसीबी किंवा विद्यापीठाची पदविका-पदवी बघतात. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल तर यातलं एकही पुरत नाही. त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि साधारणपणे नेट ही पात्रता परीक्षा हवी. २०१७ पासून योग हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळची बॅच घ्यायला कायद्याने यातलं काहीच लागत नाही.

'योगोपचार' हा शब्द मात्र जपून वापरा. २०० तासांवर पाटीला 'थेरपी' लावणारे मी पाहते, तेव्हा मला खरोखर भीती वाटते. योगा अलायन्सनेच २०१६ मध्ये आपल्या यादीतल्या शिक्षकांना 'योगा थेरपी' हे शब्द तिच्या नोंदणीच्या आधारावर वापरायला मनाई केली. वायसीबीने उपचारासाठी असिस्टंट योग थेरपिस्टपासून सुरू होणारी वेगळी वाट ठेवली आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये उभारलं, तेव्हापासून तिथे योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजून पाहिला जातोय. ज्या महाराष्ट्रात हे काम झालं, तिथे तरी पाटी लिहिताना सांभाळून लिहावं.

पोटापाण्याचं बोलायचं तर दोन्ही कागदांकडून फार अपेक्षा धरू नका. केंद्राच्या आयुष आरोग्य केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांत पुरुष प्रशिक्षकाला महिन्याला ३२ सत्रांचे ८,००० रुपये आणि महिला प्रशिक्षकाला २० सत्रांचे ५,००० रुपये धरलेले होते. म्हणजे सत्राला २५० रुपये. एवढ्यावर घर चालत नाही. मी ज्यांना पंधरा-वीस वर्षं या कामात टिकलेलं पाहिलंय, त्यांची बॅच टिकून आहे म्हणून ते टिकलेत. त्यांच्याकडे तीच माणसं वर्षानुवर्षं येतात, सुनेला आणतात, पुढे नातवंडांना आणतात.

म्हणून एक वही घाला. तारीख, किती वेळ शिकवलं, कोण आलं, कुणाला काय त्रास आहे, एवढंच लिहायचं. अलायन्समध्ये पुढची 'ई-आरवायटी २००' ही पायरी हवी असेल तर किमान दोन वर्षं शिकवून १,००० तास भरल्याचा हिशेब द्यावा लागतो, तो या वहीतून निघतो. वायसीबीच्या वरच्या परीक्षेत तोंडी प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरंही तिच्यातच सापडतात.

चिंचवडच्या त्या मुलीने परवा पहिल्या पानाचा फोटो पाठवला. चार नावं होती. तिसऱ्या नावापुढे लिहिलं होतं: 'उजवा गुडघा दुखतो, वज्रासन नको, खुर्चीवर बसवणे.'